चौसष्ट म्हटलं कुणी?

त्या रविवारी मी फक्त आकडे लिहायला गेले होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर आमच्या मोहल्ल्यात जी गोष्ट फिरली तिच्यात मी खाडीवर भूत पकडायला गेले होते. भूत सोडा, मी आजवर स्वयंपाकघरातली पालसुद्धा पकडलेली नाही.

२००३ सालचा जानेवारी. थंडीत भाट्याच्या खाडीवर लांबलांबचे पक्षी उतरतात आणि वर्षातून एकदा त्यांची मोजणी होते. मोजणारे आप्पा सर. त्यांनी मला शाळेत गणित शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर समोर मुलं उरली नाहीत म्हणून त्यांनी पक्षी घेतले असावेत. अकरा वर्षं त्यांच्यासोबत विमलाताई आकडे लिहायच्या. त्या आदल्या पावसाळ्यात वारल्या. मग सरांना आठवलं, की राजीवड्यात आपली एक विद्यार्थिनी आहे. कौसर नावाची, बी.एस्सी. झालेली, अक्षर बरं, आणि सध्या घरी बसलेली.

घरी बसलेली हे सरांचं मत. माझा जिब्रान तेव्हा दहा महिन्यांचा होता आणि माझ्या अंघोळीपेक्षा जास्त वेळ तो माझ्यावाचून कधी राहिला नव्हता. बाटली पुढे केली की मी विष पाजतेय अशा नजरेनं बघायचा. त्याचे अब्बा, म्हणजे अक्रम, मस्कतला. ते शुक्रवारी फोन करायचे आणि मी त्यांना पोराचा खोकला सविस्तर सांगायचे. उरलेले सहा दिवस मी झोपलेल्या पोराचा श्वास मोजत असे. तेव्हा मोजणीचा अनुभवच नव्हता असं काही म्हणता येणार नाही.

अम्मींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मी भीतभीत विचारलं.

"पाखरं मोजायची तर आपल्या कोंबड्या मोज," त्या म्हणाल्या. "परवापासून एक कमी लागतेय."

"सरांनी बोलावलंय, अम्मी. नाही कसं म्हणू?"

"मग जा. पण आठाच्या आत ये. तो उठला नि तू नसलीस, तर मी काय त्याला माझं दूध पाजू?"

तर एवढंच होतं. आठाच्या आत परत. त्यात खाडीही आमच्यासाठी थांबणार नव्हती. पक्षी ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूच्या पट्टीवर बसतात, आणि भरती लागली की ती पट्टी दिसेनाशी होते.

पावणेसहाला मुसाचाचांच्या होडीतून निघालो. धुकं असं, की चाचांच्या तोंडातली बिडी दिसे पण चाचा दिसत नसत. चिखलाचा, कुजलेल्या पानांचा आणि किनाऱ्यावर सुकत घातलेल्या मासळीचा वास एकमेकांत मिसळून पाण्यावर बसला होता. पट्टीवर उतरलो तेव्हा हजारो खेकडे आपापल्या बिळात शिरत होते. त्याचा आवाज होतो. कुणीतरी ओठ मिटून उघडावेत तसा बारीक, सगळीकडून.

सरांची पद्धत ठरलेली. ते दुर्बीण घेऊन दहा पावलं पुढे उभे राहणार, तोंड पक्ष्यांकडे, पाठ माझ्याकडे. मी मागे पालथ्या बादलीवर, मांडीवर पाटी. ते पक्ष्याचं नाव आणि आकडा पुकारणार. मी तो आकडा मोठ्यानं परत म्हणायचा, मगच लिहायचा. माझा जबाब आल्याशिवाय ते पुढे जाणार नाहीत.

"आणि यादी बंद कधी करायची ते लिहिणारा सांगतो," सर म्हणाले. "मोजणाऱ्याला भान नसतं. विमला 'यादी बंद' म्हणाली की मी मुकाट दुर्बीण उतरवायचो. समजलं?"

"हो सर."

"मी मागे वळणार नाही. पक्षी बुजतात."

पाण्याच्या बाजूला धुकं हळूहळू विरलं. माझ्या मागे मात्र, कांदळवनाच्या अंगाला, ते कापसासारखं तसंच राहिलं.

"वंचक नऊ."

"नऊ."

"बगळे बावीस."

"बावीस."

शाळेत पाढे म्हणताना यायचा तसा एक सूर लागला. मला बरंही वाटलं. मग मी घड्याळ बघण्याची चूक केली. सात वाजून पाच. धुतलेली दुपटी कुठे ठेवलीत ते अम्मींना सांगितलं का मी? आणि खिडकीची कडी?

"तुतारी चौसष्ट."

"चौसष्ट."

सर पुढच्या थव्याकडे वळले. मी सहा काढला, चार काढायला घेतला, आणि माझ्या लक्षात आलं की माझं तोंड बंद होतं.

तोंड बंद होतं हे आपल्याला नक्की कधी कळतं? मी स्वतःलाच बजावलं, कौसर, म्हणाली असशील तू. रात्री तीनदा उठणाऱ्या बाईनं स्वतःच्या तोंडाची खात्री देऊ नये. पुढच्या आकड्याला मी दात घट्ट आवळून बसले.

"चिखल्या एकतीस."

खेकडे थांबले. सगळे एकदम. एक श्वास गेला.

"एकतीस."

माझ्या मागून, डावीकडून. बाईचा आवाज. कसलीही घाई नसलेला.

मी पळायला हवं होतं. पण मी आधी एकतीस लिहिले. आप्पा सरांच्या हाताखाली शिकलेली मुलं आधी उत्तर लिहितात, मग घाबरतात. मान वळवून बघायचा प्रयत्न केला, तर तिथे फक्त धुकं, आणि त्यात कांदळाची वर आलेली मुळं, चिखलात रोवलेल्या बोटांसारखी.

"शेकाट्या एकशे दहा," सर म्हणाले.

"एकशे बारा."

सरांनी पुन्हा दुर्बीण लावली. बराच वेळ ओठ हलवत मोजत राहिले. "बारा. बरोबर. दोघं एका पायावर झोपलेत, मला दिसलेच नाहीत. शाब्बास गो."

मी दहा पावलं मागे, बिनदुर्बिणीची, बादलीवर बसलेली. पायऱ्या दाखवल्या नाहीत म्हणून माझे मार्क कापणाऱ्या सरांनी त्या दिवशी मला एकही पायरी विचारली नाही.

तेवढ्यात पाण्याचा आवाज बदलला. आतापर्यंत ते निघून जात होतं, आता येत होतं. होडीकडून मुसाचाचांची हाक आली, "सर, पाणी चढतंय हां."

"कुरव राहिलेत," सर दुर्बिणीतूनच म्हणाले.

सव्वासात. सात वीस. माझ्या चपलांच्या टाचा भिजल्या. आणि अचानक अंगावर दूध भरून आलं, ओढणीपर्यंत ओलं. आयांना सांगायला नको, याचा अर्थ काय ते. तो उठला होता. मी फक्त दोन शब्द म्हणायचे होते. यादी बंद. पण सर अर्ध्या थव्यात होते, आणि शाळेत मी दहा वर्षांत एकदाही हात वर केलेला नाही. तोंड उघडलं, बाहेर काही आलं नाही.

मागे कुणीतरी उभं होतं. बघितलं नाही मी. मानेला कळतं.

"विमलाताई..." मी कुजबुजले. "तुम्ही आहात का...?"

ती थोडं थांबली. विचार करावा तसं.

"नाही," ती म्हणाली.

मग माझ्या डोक्यावरून, स्वच्छ, जराही न कापता, "यादी बंद, सर. पोर उठलं माझं."

सरांनी मुकाट दुर्बीण उतरवली.

होडीत बसेपर्यंत घोट्याएवढं पाणी झालं होतं. मी पाटी छातीशी धरून बसले होते, थंडीमुळे असं दाखवत. पट्टी पाण्याखाली गेली तशी धीर करून विचारलं, "सर, तिथे मागे... विमलाताईंचा आवाज आला का तुम्हाला?"

"विमलाचा?" सर हसले. "अकरा वर्षं ऐकला मी तिचा आवाज. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा. आज तू बोलत होतीस. आणि खरं सांगू का, शाळेत असताना तुझा एवढा खणखणीत आवाज मी कधी ऐकला नव्हता."

"धुक्यात आवाज फिरतो पोरी," मुसाचाचा वल्हं मारत म्हणाले. मग माझ्याकडे न बघता पुटपुटले, "पन फिरला तरी तो आधी निघावा लागतो तोंडातनं..."

धक्क्यापासून घरापर्यंत मी धावत गेले. आठ वाजून दहा मिनिटं. घरातून रडण्याचा आवाज नव्हता. ज्या घरात मूल आहे त्या घरात एवढी शांतता ऐकली की आईच्या मनात काय काय येतं, ते मी लिहीत नाही.

अम्मी उंबऱ्याजवळ जिब्रानला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. हातात वाटी आणि चमचा. तो मिटक्या मारत दूध पीत होता.

"परत कुठे गेली होतीस?" अम्मींनी विचारलं.

"परत म्हणजे?"

"अगो, मघाशी पडवीतून सांगितलंस ना, बाटलीला नाही तोंड लावायचा, चमच्यानं द्या? मी म्हटलं आत ये, तर म्हणालीस पायांना चिखल आहे. मग दिलं चमच्यानं. घेतलं की त्यानं. एवढे दिवस सुचलं नाही ते तुला?"

"अम्मी... तुम्ही बघितलंत मला?"

"बघायला कशाला पाहिजे? सुनेचा आवाज कळत नाही का मला?" त्यांनी चमचा भरला. "फक्त जरा नवल वाटलं. एकदाच सांगून थांबलीस. नाहीतर तू आधी दहादा विचारतेस."

मी पडवीत जाऊन पाहिलं. कालच सारवलेली जमीन. त्यावर चिखलाचा एक ठिपका नव्हता. तिथेच बसले, जिब्रानला मांडीवर घेतलं. त्यानं पाहुण्याकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं, ढेकर दिली आणि झोपून गेला.

विमलाताई असत्या तर मी एवढी घाबरले नसते, हे खरं सांगते. मेलेल्या बाईनं आपलं राहिलेलं काम करायला यावं, यात एक रीत आहे. पण माझं काम, माझ्याच आवाजात, माझ्यापेक्षा बरं करणारी ही कोण? आणि ती एवढी बरी असेल तर घरच्यांनी मला कशासाठी ठेवून घ्यावं? चार दिवस मी पोराला क्षणभर खाली ठेवलं नाही. बोलताना प्रत्येक शब्द तोंडाला हात लावून तपासला. अम्मींनी कडुलिंबाचा पाला आणून दिला. त्यांना वाटलं दाढ दुखते.

शुक्रवारी अक्रमचा फोन आला. ते खुशीत होते.

"रविवारी बरं वाटलं तुझ्याशी बोलून," ते म्हणाले.

"रविवारी?"

"सकाळी नाही का केला, कामावर जायच्या आधी? तुमच्याकडे साडेसात झाले असतील. पहिल्यांदा तू खोकल्याचं काही काढलं नाहीस. म्हणालीस, पोर ठीक आहे, मी बघतेय, तुम्ही काळजी करू नका. दिवस कसा मस्त गेला माझा."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "अजून काय म्हणाले मी?"

"काही नाही. घाईत ठेवलास तू." मस्कतच्या लाइनवर नेहमी येते ती खरखर तेवढी ऐकू येत राहिली. "म्हणालीस, आता ठेवते, ती खाडीवरून निघाली... ती म्हणजे कोण गो?"