ताऊवू विचारत नाहीत

"थांबा. पेन बाहेर."

तो दारातच थबकला. केसांतून पाणी निथळत होतं, खांद्याला पिशवी होती आणि शर्टाच्या खिशाला निळं पेन. वासीती टेबलामागून उठली आणि दोन महिन्यांत तोंडपाठ झालेली नियमावली तिनं एका दमात म्हणून टाकली – पिशवी बाहेरच्या कप्प्यात, छत्री दाराबाहेरच्या बादलीत, खाणंपिणं नाही, लिहायला फक्त शिसपेन्सिल. हात धुऊन, पुसून मगच वही उशीवर ठेवून वाचायची. आणि काहीही झालं तरी या दालनातला एक कागदसुद्धा उंबऱ्याबाहेर जाणार नाही.

"आणि श्वास?" त्यानं गंभीरपणे विचारलं. "तो घेतला तर चालेल?"

"हळू घेतला तर."

त्याला हसू आलं. तिलाही येणार होतं, पण तिनं ते गिळलं.

हसण्यावारी न्यावा असा तो शेवटचा नियम नव्हताच. विद्यापीठाचं हे ग्रंथालय सुरू झालं सैनिकांनी सोडून दिलेल्या एका बराकीत, चार कपाटांनिशी. चौथ्या वर्षी वादळानं छप्पर नेलं. वसतिगृहातल्या मुलांनी भिजलेली पानं चटयांवर पसरली आणि आठवडाभर उन्हात राखण करून वाचवली. जी पुस्तकं कुणी ना कुणी घरी नेली होती, ती मात्र परत आलीच नाहीत. तेव्हापासून हस्तलिखितांचं हे दालन वेगळं झालं. ज्या बेटांवरच्या वह्या वाळवीनं नाहीतर समुद्रानं खाल्ल्या, त्यांची शेवटची प्रत इथे. दालनाच्या प्रमुख मिसेस गौंडर ही हकिकत प्रत्येक नव्या माणसाला ऐकवत. वासीतीला ऐकवताना त्यांनी पुढे जोडलं होतं, "तीन महिने बघेन. एक कागद हलला, तर तू इथे नसशील." वासीतीला पुढे ग्रंथपालच व्हायचं होतं, त्यामुळे ते वाक्य तिच्या काळजात रुतून बसलं होतं.

"नाव, गाव?" तिनं नोंदवही ओढली.

"इनोके. पणजोबांची वही बघायची आहे." आणि त्यानं बेटाचं नाव सांगितलं.

वासीतीची पेन्सिल थांबली. तिचं नदीकाठचं गाव आणि त्याचं ते बेट, दोन्ही एकमेकांची ताऊवू! मूळपुरुष एक, म्हणून नातं असं की ताऊवूनं ताऊवूची यथेच्छ टिंगल करावी, आवडेल ते न विचारता उचलावं, आणि ज्याचं गेलं त्यानं हूं की चूं करू नये.

तिनं आपलं गाव सांगितलं.

"अरे देवा," इनोके म्हणाला. "म्हणजे तू चिखलातली."

"आणि तू खेकडेचोर. आधी सांगायचंस, टेबलाला कुलूप लावलं असतं."

झालं. त्या दिवसापासून तो रोज दुपारी येऊ लागला. पणजोबांनी वहीत बेटावरचे जन्म, मासेमारीच्या जागा आणि गाणी लिहून ठेवली होती, ती तो उतरवून घेई. येताजाता तिची पेन्सिल पळवी, तिच्या खुर्चीवर बसे, तिनं बाहेर खायला ठेवलेला नारळाच्या दुधातला बन फस्त करून वर म्हणे, "चिखलाची चव आहे गं याला." ती त्याला मनसोक्त बोलून घेई. आणि तो गेला की... दालन एकदम मोठं वाटे.

प्रेमात पडली होती बिचारी. आणि पंचाईत अशी, की त्याचं काय ते कळायला मार्गच नव्हता. तो बघे, हसे, छेडी. पण ताऊवू ते करतातच! तिच्या जागी गावातली सत्तर वर्षांची आत्या असती, तर तिलाही त्यानं असंच छेडलं असतं. रीत पाळतोय की जीव लावतोय, याचा विचार करून तिची झोप उडाली होती.

तीन महिने संपायला आठवडा उरला होता. त्या शुक्रवारी इनोके सकाळीच आला आणि दुपारी निघाला. चारच्या बोटीनं घरी जायचं होतं.

"जाताना तुझं काहीतरी घेऊन जाणार," तो दारातून म्हणाला.

"घे ना. ताऊवूला विचारायला कधीपासून लागलं?"

अडीच वाजता तिनं वह्यांच्या पेट्या मोजायला घेतल्या. पणजोबांच्या वहीची पेटी उघडली. रिकामी.

टेबल, उशी, खण, सगळं तिनं दोनदा पाहिलं. वही नव्हती. घे ना, असं आपणच म्हणालो... आपल्याच तोंडानं! पाच वाजता मिसेस गौंडर कुलूप लावायला येणार होत्या. तिनं दालनाचं दार ओढून घेतलं, किल्ली मुठीत आवळली. बाहेर बादलीत तिची छत्रीही नव्हती. ती तशीच पावसात पळाली, मिळेल त्या बसमध्ये चढली. नोकरी जाईल, नाव जाईल, याची धास्ती होतीच. पण त्याहून जास्त टोचत होतं ते हे, की त्यानं खरंच नेली असेल, तर आपण त्याला ओळखलंच नाही.

धक्क्यावर तो चढायच्या रांगेत उभा होता. तिचीच पिवळी छत्री डोक्यावर धरून.

"वही दे," ती धापा टाकत म्हणाली.

"कसली वही? मी छत्री घेतली तुझी."

"इनोके, थट्टा नको. पेटी रिकामी आहे."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. त्यानं पिशवी उघडून तिच्यासमोर उलटी केली – दोन शर्ट, बिस्किटांचा पुडा, उतरवून घेतलेले कागद. "ती वही मी नेईन, असं वाटलं तुला?"

शरमेनं तिचे डोळे भरून आले. बोटीचा पहिला भोंगा वाजला. इनोकेनं एकदा बोटीकडे पाहिलं, मग कपडे पिशवीत कोंबले आणि म्हणाला, "चल."

"तुझी बोट..."

"पुढच्या शुक्रवारी आहे की दुसरी. चल आधी."

दोघं परतीच्या बसमध्ये चढले. चारला दालनात शिरल्याबरोबर तो म्हणाला, "सकाळी माझ्या बाहीचं पाणी वहीच्या पुठ्ठ्यावर पडलं. तू मला खेकडा म्हणालीस, टिपकागद लावलास, आणि मग वही घेऊन डावीकडे गेलीस."

डावीकडे ते कोरडं कपाट होतं, ज्यात बुरशी येऊ नये म्हणून कायम विजेचा दिवा लावलेला असे. वासीतीनं ते उघडलं. वही आत होती, ऊबदार आणि सुकलेली. आपणच ठेवली, आणि त्याच्याशी बोलण्याच्या नादात साफ विसरलो!

"तुला... इतकं कसं आठवतं?"

"मी वहीकडे कुठे बघत होतो," तो म्हणाला, आणि कधी नव्हे तो खाली बघू लागला.

पाचला मिसेस गौंडर आल्या. वासीतीला गप्प बसता आलं असतं. ती उभी राहिली. "मॅडम, दुपारी दीड तास मला एक वही सापडत नव्हती. मीच कोरड्या कपाटात ठेवून विसरले होते. आणि दालन बंद करून मी धक्क्यावर गेले होते."

त्यांनी वही पानन् पान तपासली, दोघांखाली साचलेलं पाण्याचं थारोळं पाहिलं.

"उंबऱ्याबाहेर गेली नव्हती ना?"

"नाही."

"मग झाला प्रकार नोंदवहीत लिही. सोमवारी वेळेवर ये. आणि आधी फरशी पूस." त्या निघून गेल्या.

दोघांनी मिळून फरशी पुसली.

"वासीती," तो म्हणाला. आजवर त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. "पुढच्या शुक्रवारी बोटीवर माझ्याबरोबर येशील? आईशी तुझी भेट घालून द्यायचीय. मला तू आवडतेस."

"ताऊवू विचारत नाहीत," ती हळूच म्हणाली.

"नुसतं उचललं, तर तुला नाही म्हणता येत नाही. म्हणून विचारतोय."

वासीतीला उत्तर केव्हाच माहीत होतं. पण गेले कितीतरी दिवस तिचा जीव टांगणीला लागला होता, तेव्हा जरा त्याचाही लागू दे, म्हणून तिनं फडकं सावकाश पिळलं, नीट वाळत घातलं, दिवे मालवले. तो श्वास रोखून उभाच होता.

"हो," ती म्हणाली.