फोटोवालीचा फोटो

अभिमनची आणि माझी पहिली भेट झाली तीच मुळी भांडणाने, आणि भांडण होतं एका दिव्यावरून.

"बाई, मान जरा डावीकडे... हनुवटी खाली... हं, अशाच राहा."

"तुमचा उजवा दिवा फार जवळ आलाय," मी म्हटलं. "नाकाची सावली गालावर पडतेय."

काळ्या कापडाखालचं डोकं बाहेर आलं. केस विस्कटलेले, एक भुवई वर. "फोटो कोण काढतंय?"

"तेच विचारतेय मी."

तो गेला आणि दिवा मागे सरकवला. मग कापडाखाली शिरण्याआधी माझ्याकडे असं काही पाहिलं, की मीच नजर दुसरीकडे वळवली. मागच्या पडद्यावर काश्मीरचं तळं रंगवलेलं होतं, आणि तळ्याच्या काठी एक खराखुरा म्हातारा कुत्रा घोरत पडला होता.

"अहो, तो फोटोत येईल!"

"सरपंच? तो सगळ्यांच्याच फोटोत येतो. त्याला उठवायची माझी काय टाप?"

मला हसू फुटलं आणि नेमका तेव्हाच खटका दाबल्याचा आवाज आला.

माझा फोटो काढून घ्यायला मी जळगावाहून धुळ्याला का आले, हे सांगायला हवं. जळगावात आमचाच स्टुडिओ आहे. पाटीवर नाव वडिलांचं, म्हणजे आबांचं, 'पितांबर फोटो स्टुडिओ', पण आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून कॅमेरा माझ्याच हातात होता. खरं तर त्याच्याही आधीपासून. बाजारपेठेतल्या मारवाडी घरांमधल्या सुना परक्या पुरुषापुढे घुंघट वर करत नसत. मग आबा बाहेर ओट्यावर बसायचे आणि आत जाऊन फोटो मी काढायची. राजकुंवरभाभी तर म्हणायच्या, "सुगंधा, तू समोर असलीस की मला हसू येतं गं. नाहीतर फोटोत मी फौजदार दिसते!"

अशा घरातल्या मुलीचा स्वतःचा एक धड फोटो नव्हता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! आमच्या नात्यातले लोटननाना अमळनेरचं स्थळ घेऊन आले आणि त्यांनी मुलीचा फोटो मागितला, तेव्हा ही गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. मुलगा गिरणीत नोकरीला होता, माणसंही चांगली होती. अट एकच, सुनेने दुकानात उभं राहायचं नाही. "कॅमेरा-बिमेरा माहेरी ठेवून यायचं हं," असं मुलाच्या आईने हसत हसत सांगितलं होतं. हसत सांगितलेल्या अटीच जास्त पक्क्या असतात.

आबांनी अट ऐकून घेतली. आई नसलेल्या पोरीचं एकदाचं मार्गी लागावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. मीही ऐकून घेतली. पण कॅमेरा पुसायला घेतला की डोळे भरून यायचे. हे हातातून गेलं तर मी नुसती उरणार तरी कोण, हेच कळत नव्हतं.

गावातच दुसऱ्याच्या स्टुडिओत गेले असते तर बोभाटा झाला असता. आबांच्या डोळ्यांचे डॉक्टर धुळ्याला होते, म्हणून फोटोही तिथेच, अभिमनच्या स्टुडिओत काढायचं ठरलं; तो अमळनेरच्या स्थळासाठी हवाय, हे आबांनी त्याला सांगूनही टाकलं होतं.

पुढच्या खेपेला फोटो न्यायला गेले, तर अभिमन कान खाजवत उभा.

"निगेटिव्हवर कुत्र्याचा केस बसला. बरोबर गालावर पांढरी रेघ आलीय. परत... परत बसावं लागेल."

अहो, फोटोवरची अशी रेघ शाईच्या ब्रशने भरायची असते, हे कालचं शिकाऊ पोरसुद्धा सांगेल! ब्रश त्याच्या टेबलावरच पडला होता. त्याने ब्रशाकडे पाहिलं, मीही पाहिलं.

"अरेरे," मी म्हटलं. "मग बसते की परत."

त्याच्या पुढच्या खेपेला म्हणे फिल्मला उजेड लागला. आबा बाहेरच्या बाकावर डोळ्यांत औषध घालून बसले होते. तिथूनच म्हणाले, "धुळ्याला फारच उजेड शे वाटतं."

मी खाली मान घालून सरपंचाला थोपटत राहिले.

तिकडे लोटननाना घाईला आले. "पोरी, अमळनेरवाले किती दिवस थांबतीन? फोटोवाल्याच्या घरी फोटोचा दुष्काळ!" मला धाकधूक वाटू लागली. फोटो चांगला आला की माझा कॅमेरा सुटणार होता, आणि आता त्याच्याबरोबर आणखीही काही सुटणार होतं... त्याला काय म्हणायचं, ते मी स्वतःलाही सांगत नव्हते.

त्यानंतरच्या खेपेला अभिमन आबांनाच म्हणाला, "आबा, दिव्यांच्या उजेडात यांचा चेहरा खुलत नाही. लळिंगच्या कुरणात काढू या का? माझी आई आहे सोबत... आणि कुत्री."

आबा म्हणाले, "जा. मला डॉक्टरांकडे बसायचंच आहे."

थंडीचे दिवस होते. कुरणातलं गवत पिवळंधमक झालेलं, वर लळिंगचा किल्ला, आणि ऊन अंगावर घ्यावंसं वाटणारं. सरपंच सावली बघून आडवा झाला. फोटो धुवायच्या औषधाचं नाव दिलेला काळा कुत्रा हायपो मोराच्या मागे धावला आणि हात हलवत परत यावं तसा परत आला. पिल्लू होतं चिंगी, तिने माझा पदर धरला तो सोडेचना. अभिमनची आई, ताईबाई, चादर पसरून भरीत-भाकरी वाढत होत्या.

"बठ पोरी, पह्यले खाई ले. फोटो कोठे पळी नही जास." मग भाकरी मोडता मोडता माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "इतला वरीसमा मना पोऱ्याना एक फोटो नही बिघडना, नि आते बठ्ठा बिघडतस!"

"आई, हायपोला पाणी दे," अभिमन घाईघाईने म्हणाला. इतक्या वर्षांत न बिघडलेले फोटो आताच सगळे कसे बिघडतात, हे आईने ओळखलं होतं; त्याचे कान लाल झाले.

जेवण झाल्यावर त्याने मला एका बाभळीजवळ उभं केलं. पण माझं लक्ष होतं ढगाकडे, उन्हाकडे, त्याच्या बोटांकडे.

"तुम्ही कॅमेऱ्याकडे बघत नाही, कॅमेरा तपासता," तो वैतागला. गळ्यातला कॅमेरा काढून त्याने माझ्या हातात दिला. "घ्या. आधी तुम्ही माझा काढा."

तो पेटीसारखा कॅमेरा होता, पोटाशी धरून वरून खाली बघायचा. मी मान खाली घातली. तो गवतात बसला, कुत्री त्याच्याभोवती गोळा झाली, आणि मी खटका दाबला.

मग तो उठला आणि खिशातून एक पाकीट काढून त्याने माझ्यापुढे धरलं. आत माझा फोटो होता. पहिल्या दिवशीचा, सरपंचाला हसतानाचा. गाल स्वच्छ, केस नाही की रेघ नाही. मी इतकी चांगली दिसते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"रेघ त्याच दिवशी भरली होती," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मी खोटं बोललो."

"ठाऊक आहे."

"ठाऊक होतं? मग परत का आलात?"

चिंगी पदर ओढत होती. तिचं बरं होतं, तिला उत्तर द्यायचं नव्हतं.

"...आबांच्या डोळ्यांसाठी," मी म्हटलं.

तो हसला नाही. "हा अमळनेरला पाठवा. अडवून ठेवायचा मला हक्क नाही. ते हो म्हणतील."

"म्हणतील. मग कॅमेरा माहेरी ठेवून जायचं. तशी अट आहे त्यांची."

त्याने झटकन मान वर केली. "म्हणजे? तुम्ही फोटो काढणं सोडणार? पण... पण तुम्हाला तर उजेड कळतो!"

मी अमळनेरला जाणार हे त्याने सोसलं होतं. मी कॅमेरा सोडणार, हे मात्र त्याला सोसवेना. तिथेच माझं ठरलं.

"तुमच्या डार्करूममध्ये दोघांना उभं राहता येतं का हो?" मी विचारलं.

तो हळूच म्हणाला, "येतं... कोपराला कोपर लागतं."

"चालेल."

"आणि आबांचा स्टुडिओ?"

"एसटी आहे ना. थोडे दिवस तिकडे, थोडे इकडे."

"कुत्र्यांचे केस..."

"ब्रश आहे ना," मी म्हटलं, आणि कॅमेऱ्यातला रोल गुंडाळून माझ्या पिशवीत टाकला. "हा मी धुणार. धुळ्याला उजेड फार आहे."

त्यानंतर लोटननाना आले ते फोटो घेतल्याशिवाय हलायचंच नाही, अशा बेताने. मी फोटो आणून आबांच्या पुढ्यात ठेवला.

"हा कोण?" नाना ओरडलेच. "अगं, फोटो पोरीचा द्यायचा असतो! आन् ही तीन कुत्री कोणाची?"

आबांनी फोटो उचलला, दाराच्या उजेडात नेला, भिंग लावलं. बराच वेळ बघत राहिले. असं ते फक्त चांगल्या कामाकडेच बघत.

"तू काढला?"

"हो, आबा."

"याची नजर कॅमेऱ्याच्या भिंगात नाही. भिंगाच्या वर शे." त्यांनी फोटो खाली घेतला. "भिंगाच्या वर कोण होतं?"

"मी."

"पितांबर, अरे पण कोणाचा कोण हा?" नाना कळवळून म्हणाले.

"आपल्यातलाच आहे. ताईबाईंचं माहेर एरंडोलचं. चौकशी मी केव्हाच करून बसलोय." आबांनी फोटो जपून माझ्या हातात ठेवला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि नानांकडे वळले. "लोटन, अमळनेरला कळवून टाक."

"काय कळवू?"

"कळव, पोरीचा फोटो बिघडला म्हणून."