पाचवा डोस

दुपारचा पाऊस उघडला आणि राजारामपुरीतल्या मेडिकलसमोर एक उंच तरुण लंगडत आला. पोटरीला रुमाल बांधलेला.

"मॅडम, ही अँटिबायोटिक द्या की. दाढेच्या वेळच्या घरात हुत्या, त्या संपल्या."

काउंटरमागच्या इरावतीनं त्यानं पुढे केलेल्या रिकाम्या स्ट्रिपवरून नजर त्याच्या पायाकडे नेली. "काय झालंय?"

"कुत्र्याचं पिल्लू चावलं. गोठ्यात आलतं."

"पिल्लू कुठाय आता?"

"मेलं काल..."

तो हसत होता. तिनं मात्र स्ट्रिप बाजूला सारली.

"या गोळ्या जिवाणू मारतात. रेबीजचा विषाणू असतो, त्याला यांनी काहीच होत नाही. लस घ्या... आजच."

"लस आधी घेत्यात न्हवं? आता तर चावून झालं."

"हा विषाणू मेंदूकडे हळूहळू सरकतो. पोचायच्या आत लस तुमच्या शरीराला त्याच्याशी लढायला शिकवते. एकदा पोचला की मग काहीच उपाय उरत नाही."

त्याचं हसू मावळलं. दुकान मालकांवर सोपवून तिनं त्याला स्कूटीवर बसवलं आणि थेट सरकारी दवाखाना गाठला. तिथं नर्सनं जखम साबणानं धुतली, तिच्याभोवती विषाणूला लगेच अडवणारं सीरम टोचलं, मग दंडात लस. सुई दिसताच त्यानं तिच्या ओढणीचं टोक घट्ट धरलं.

"नाव धैर्यशील हाय," तो पुटपुटला, "पण लई भ्या वाटतंय."

पुढचे चार डोस तारखेवर ठरले. प्रत्येक डोसनंतर तो दुकानात यायचा. ती पाण्याचा ग्लास पुढे करायची आणि त्याच्या गळ्याकडे बघत राहायची. पाणी सुखरूप उतरलं की तिचा श्वास सुटायचा. रेबीज झालेला माणूस पाण्याला भितो, हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं. मधल्या दिवसांत फोन वाजला तरी ती हातातलं काम टाकून धावायची.

अठ्ठाविसाव्या दिवशी तो दंड चोळत आला. "पाचवा झाला. डॉक्टर म्हणालं, आता घोर न्हाय."

"मला अजून भीती वाटतेय," ती म्हणाली.

"आता कशाची?"

तिनं उगीचच खोकी सारखी केली. "उद्यापासून तुम्हाला इकडं यायचं कारण उरलं नाही... त्याची."

त्याचे कान लाल झाले.

"माझं गाव पन्हाळ्याच्या पायथ्याला. पहिल्या दिशी कामानं शहरात आलो हुतो. आरोग्य केंद्र घरामागंच हाय, लसबी मिळती तिथं. मग मी दर डोसला कोल्हापूरला कशापाय येत हुतो, वाटलं तुमास्नी?"

इरावतीनं काउंटरची फळी वर उचलली आणि त्याला आत यायला वाट करून दिली.