सलाम, काका

"आयला, आता मराठीत रागावलो तर कळणार हाय का इथं कुणाला!"

इस्पितळाच्या लिफ्टजवळ मधुरिमाच्या कानावर हे वाक्य पडलं. चंदीगडात, जानेवारीच्या धुक्यात, आणि तेही असं कराडी हेल काढून! तिनं वळून पाहिलं. एका हातात रिपोर्टची फाईल, दुसऱ्या हातात थर्मास, असा एक उंच तरुण चक्क भिंतीशी भांडत होता.

"मला कळलं की," ती म्हणाली. "आणि स्वेटर उलटा घातलाय तुम्ही."

तो इतका दचकला... मग हसला. आधी डोळे हसले, मग ओठ. झालं! आमची मधुरिमा तिथंच फसली. तिला स्वतःला ते कळायला मात्र तीन आठवडे लागले.

शंतनू पाटणकर त्याचं नाव. आयटी पार्कात नोकरी, एरोसिटीत भाड्याचा फ्लॅट. आई लहानपणीच गेलेली. वडील विश्वनाथराव एअरफोर्समधून निवृत्त होऊन त्याच्याजवळ राहायला आले आणि दोनच महिन्यांत पक्षाघातानं आडवे झाले. वाचा गेली. नर्स हिंदीत नाहीतर पंजाबीत काही विचारायच्या आणि एरवी सफाईनं हिंदी बोलणारा म्हातारा आता नुसता छताकडे बघत राहायचा. शंतनूची रजा संपली होती, तो पाच वाजता यायचा.

मधुरिमा रणनवरे त्याच इस्पितळात, हाडांच्या विभागात फिजिओथेरपिस्ट. मूळची राहुरीकडची, तिथल्या चर्चच्या पाळकांची लेक. दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती विश्वनाथरावांच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिली.

"सलाम, काका," ती म्हणाली.

नगरकडच्या ख्रिस्ती घरांत हा शब्द बोलायला लागल्यापासून तोंडात बसतो. आलं की सलाम, निघालं की सलाम. इतरांचा नमस्कार, तसा त्यांचा सलाम.

म्हाताऱ्यानं मान वळवली. मराठी ऐकून डोळे भरून आले हो त्यांचे.

मग ती रोजच जाऊ लागली. त्यांचे केस विंचरायची. सिस्टरला विचारून किन्नूची, म्हणजे तिकडच्या संत्र्याची, फोड कुस्करायची आणि चमच्यानं भरवायची. राहुरीचा ऊस, आईची नि शेजारणीची भांडणं, सगळं ऐकवायची. आणि वॉर्डबॉय हरबन्सजींना तिनं बजावून ठेवलं होतं, त्यांच्या मुलाला यातलं काही सांगायचं नाही. पप्पांनी लहानपणापासून तिला तेच शिकवलं होतं. कुणासाठी काही केलं तर देवानं पाहिलं तेवढं पुरे, गावभर सांगत सुटायचं नाही.

संध्याकाळी मात्र गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर दोघं भेटायची. योगायोगानं म्हणे! हा योगायोग रोज बरोबर साडेपाचलाच कसा व्हायचा, ते काही विचारू नका.

"हरबन्सजी देवमाणूस आहेत," शंतनू एकदा म्हणाला. "बाबांचे केस रोज नीट विंचरलेले असतात. मी शाल दिली त्यांना."

"छान केलंत..." मधुरिमानं पेल्यात तोंड खुपसलं.

"तुम्ही का लाजताय?"

"लाजत नाहीये. चहा गरम आहे."

"कधीच गार झालाय तो!"

दुसऱ्या दिवशी हरबन्सजी ती शाल घेऊन तिच्यासमोर उभे. "बेटा, ये तो तेरी है." तिनं ती त्यांच्याच खांद्यावर नीट घातली आणि पळाली.

पण तिच्या मनाला एक गोष्ट कुरतडत होती. आताशा वॉर्डात जाण्याआधी ती आरशात बघायची. काकांच्या उशाशी बसून घड्याळाकडे बघायची. रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकले तेव्हा तिला रडू आलं. ही कसली दया? बापाची सेवा करून मुलाला गुंतवायचं, याला काय म्हणायचं? शंतनूला सांगावं तर केल्याचा मोबदला मागितल्यासारखं होईल. न सांगावं तर तो निघून जाईल. आणि तो जाणारच होता. डॉक्टरांनी शुक्रवारी घरी सोडतो म्हटलं होतं, पुण्याच्या ऑफिसात बदली झाली होती, काकांना कराडची हवा मानवेल असं सगळे म्हणत होते.

गुरुवारी तो टपरीवर धावतच आला. धुक्यातून आधी आवाज आला, मागून माणूस.

"बाबा बोलले! आत्ता, मला बघून... पहिला शब्द!"

"काय म्हणाले?"

"सलाम!" तो हसत सुटला. "शेवटी एअरफोर्सचा माणूस! तीस वर्षं सॅल्यूट ठोकले, तेच आधी तोंडात आलं बघा."

मधुरिमानं पेला बाकावर ठेवला, तोंड वळवलं आणि डोळे पुसले.

शंतनूचं हसू हळूहळू ओसरलं. "उद्या दुपारचं विमान आहे," तो म्हणाला. "जाण्याआधी तुम्हाला एक विचारणार होतो. पण... तुम्ही सगळ्यांशीच अशा वागता. टपरीवाल्याच्या बायकोचं दुखणं विचारता. परवा त्या अनोळखी म्हातारीला स्वतःचे हातमोजे काढून दिलेत. माझ्याशी वागता तेही त्यातलंच असेल, तर मी उगाच विचारून तुम्हाला अडचणीत टाकणार नाही."

तिनं मान खाली घातली. सांग ना गं, सांग!

तेवढ्यात फोन वाजला. राहुरीहून आई, रोजच्या वेळेला. सवयीनं तिनं तो कानाला लावला, आणि सवयीनंच म्हणाली, "सलाम, आई..."

शंतनूचा पेला ओठांपाशीच थांबला.

"पुन्हा म्हण," तो अगदी हळू म्हणाला. 'तुम्ही'चं 'तू' झालेलं त्याच्या लक्षातही आलं नाही.

मधुरिमानं फोन खाली घेतला.

"ते केस... तू विंचरायचीस?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"पहिला आठवडा खरंच काकांसाठी गेले. ते सांगायचं नसतं. आणि नंतर..." तिनं नजर वळवली. "नंतर तुमच्यासाठी जायला लागले. त्याची लाज वाटली. देवाचं नाव घेऊन जायचं आणि मन मात्र साडेपाचकडे! खोटी आहे मी."

"मी पाचला यायचो," तो म्हणाला, "आणि वीस मिनिटांत बाबांना सोडून इथं पळायचो. पोटचा मुलगा मी! तू निदान त्यांना बोलतं तरी केलंस. आता तूच सांग, खोटं कोण जास्त?"

ती रडता रडता हसली, हसता हसता पुन्हा रडली. त्यानं खिशातून रुमाल काढून पुढे केला. तोही उलटाच घडी घातलेला.

"मधू? अगं ए मधू!" तिच्या हातातला फोन ओरडत होता. "कोण बोलतंय गं तिथं मराठीत?"

मधुरिमाचा चेहरा उतरला. पाळकाच्या घरात कराडचा पाटणकर... आईला काय सांगायचं? पप्पा काय म्हणतील?

"दे इकडे," शंतनू म्हणाला.

त्यानं पेला बाकावर ठेवला, केसांवरून हात फिरवला, वडील उभे राहत असतील तसा ताठ उभा राहिला.

"सलाम, आई. मी शंतनू. मला तुमच्याशी आणि पप्पांशी बोलायचंय."

मधुरिमानं त्याची बाही घट्ट धरली. मग राहुरीहून आवाज आला, थोडा घाबरलेला, पण प्रेमळ.

"सलाम, बाळा. बोल."