पावणेदोनचा अलार्म

चूक माझ्या बापाची होती. महादेवरावांची. गावात कोणी दुसरं काही सांगत असेल तर ऐकू नका. आजारी माणसाबद्दल वाईट बोलू नये हा नियम म्हाताऱ्यांनी स्वतःच्या सोयीसाठी केलाय, आणि मी पॉलिटेक्निक अर्धवट सोडलेला माणूस, मला नियमांचं तसंही काही वाटत नाही.

बापानं पुण्याच्या एका माणसाकडून जुनी मोटारहोम घेतली होती. मिनीबसच्या पोटात पलंग, शेगडी, सिलिंडर, एसी आणि मागच्या बाजूला जनरेटर. लोणारचं सरोवर पाहायला येणाऱ्यांना ती भाड्यानं द्यायची होती. पहिलं कुटुंब रविवारी येणार होतं, दोन लहान पोरांना घेऊन. आणि गाडीतले दोन्ही अलार्म विनाकारण बोंबलत होते. म्हणून सोमवारी सकाळी मी ती दुसरबीडला खुर्शीदाचाचीच्या दुकानात नेली. काम एवढंच होतं.

खुर्शीदाचाची गाड्यांची इलेक्ट्रिक कामं करते. नवरा गुलाम रसूल हयात होता तेव्हा दुकान त्याचं आणि डोकं हिचं. तो गेल्यावरही पाटीवर नाव त्याचंच आहे. मी दोन वर्षं कॉलेजात बसलो, एकाही मास्तरानं असं काम दाखवलं नाही. ती आधी पान्याला हात लावत नाही. आधी विचारते.

"केव्हा वाजते?"

"कधीपण, चाची."

"कधीपण असं काही नसते, बेटा. बस आत. लिही."

तिनं मला वही दिली. वाजलं की वेळ लिहायची. गाडीत काय चालू होतं, काय बंद, वास कसला होता, सगळं. वाजणारी वस्तू बंद करायची नाही हा तिच्या दुकानाचा कायदा. "बोंबलणाऱ्याचं तोंड दाबलं, तर तो काय सांगून राह्यला ते कसं कळंल?"

खालचा अलार्म सिलिंडरच्या गॅसचा. हा गॅस जड, जमिनीलगत साचतो, म्हणून अलार्म फरशीजवळ. चाची गुडघ्यावर बसली, नुसतं हुंगलं आणि हसली. बापानं झुरळांचा स्प्रे मारला होता आणि त्याचा वास जावा म्हणून वरून सेंट.

"महादेवभाऊनं गाडीचं लगन लावलं का रे?"

फरशी पुसली, दारं उघडी टाकली. तो अलार्म गप्प झाला तो कायमचा.

वरचा पलंगाच्या उशाशी. कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे जनरेटरच्या धुरातल्या त्या विषाचा, ज्याला वासच नसतो. पलंगाखालची बॅटरी जास्त चार्ज होऊन उकळत होती, आणि तिच्या वाफेलाही हा अलार्म विष समजतो. चाचीनं हे बॅटरीवर तळहात ठेवून ओळखलं. चार्जर बदलला. शांत. मी मनातल्या मनात तिला सलाम ठोकला.

मग पावणेदोनला तो वाजला.

मंगळवारी पावणेदोनला. बुधवारी पावणेदोनला. वही मीच लिहीत होतो, त्यामुळे मला कोणी सांगू नये की भास झाला. मे महिना. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. दुकानाचे पत्रे उन्हानं तडतडायचे, आणि बंद गाडीच्या आतून ती चिरकी टीं-टीं-टीं-टीं... मग शांतता... मग परत. बरोबर नऊ मिनिटं.

गुरुवारी चाचीनं बॅटरी उतरवली. सिलिंडर लिंबाखाली नेला. जनरेटर थंडगार. अलार्मची वायर कापली, आतला सेल काढून माझ्या खिशात टाकला. आम्ही दोघं पलंगासमोर उभे राहिलो. तापलेल्या रेक्झिनचा वास येत होता. पलंगावरच्या गादीला मधोमध खळगा पडला होता, कोणी नुकतंच उठून गेल्यासारखा.

"चाची... किती वाजले?"

"चूप..."

टीं-टीं-टीं-टीं.

मी खिशात हात घातला. सेल होता.

मी दाराकडे सरकलो, हे कबूल करतो. चाची नाही सरकली. तिनं अलार्म उपसला आणि दुकानात नेला. तिथं तो गप्प. परत गाडीत आणला, तर परत सुरू. नऊ मिनिटं होऊ दिली, मग उघडला. मागे छापलेली मुदत आठ वर्षांपूर्वी संपली होती. हुंगणारा भाग बॅटरीच्या वाफेनं उरलासुरला जळून पापडी झाला होता. तिनं त्यात सेल घालून तो माझ्या मोटरसायकलच्या धुरासमोर धरला. हूं नाही का चूं नाही.

"याले नाकच नाही," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. मग वही चाळत राहिली. "आपण याले खोटा म्हणून राह्यलो, बेटा. खोटा नाही हा... लवकर वाजून राह्यला."

"लवकर म्हणजे?"

ती गादीकडे बघत होती.

शुक्रवारी सकाळी बाप आला.

"पाच दिवस झाले, भाभी. एक डबडं चूप होत नाही तुमच्याच्यानं?"

"महादेवभाऊ, या गाडीत कोणाले झोपू देऊ नका. रविवारी लेकरं येऊन राह्यली. नवा अलार्म मागवला, तो लागू द्या."

"काऊन? भूत हाय का?" बाप हसला आणि माझ्याकडे वळला. "अन् तू बे? कॉलेज जमलं नाही, आता बाईच्या हाताखाली वही लिहून राह्यला?"

"यांनी चार दिवसांत शिकवलं तेवढं तुमच्याच्यानं वीस वर्षांत झालं नाही," मी म्हणालो.

त्यानं बॅटरी जोडून घेतली, सेल काढलेला अलार्म गाडीच्या ड्रॉवरमध्ये फेकला आणि गाडी घेऊन गेला.

दीड वाजता चाचीनं शटर ओढलं. "चल. काढ मोटरसायकल."

गाडी पाच मिनिटांवरच्या आमच्या प्लॉटवर होती. सावली मिळावी म्हणून बापानं तिची पाठ शेडच्या भिंतीला टेकवली होती, आणि जनरेटरच्या धुराची नळी त्या भिंतीत तोंड खुपसून होती. धूर परत गाडीतच. जनरेटर चालू, एसी चालू, काचा बंद. मी दार तोडलं. बाप त्या खळग्यात झोपला होता, बरोबर मापानं. तोंड लालबुंद, जत्रेतून आल्यासारखं. चाचीनं श्वास कोंडून त्याचे पाय धरले, मी खांदे. उन्हात ओढून टाकला. तिनं त्याच्या छातीवर कान ठेवला आणि मला फोन लावायला सांगितलं.

फोन काढला तेव्हा वेळ दिसली. पावणेदोन.

ड्रॉवरमधला अलार्म वाजला नाही. आठवड्यात पहिल्यांदा.

आता तो चाचीच्या दुकानात फळीवर असतो, सेलशिवाय. गेल्या मंगळवारपासून तो सव्वापाचला वाजतो. चाची रोज पाचला गिऱ्हाइकांना बाहेर काढते, मेन स्विच पाडते आणि रस्त्यापलीकडच्या टपरीवर वही घेऊन बसते. मला म्हणाली, "वाजते तोवर काही भेव नाही, बेटा. ज्या दिवशी वाजणार नाही..."

बाप वाचला. जालन्याच्या दवाखान्यात चोवीस दिवस होता. आता त्याला चमचा धरता येत नाही, आणि मी कोण हे त्याला माहीत नाही.