दीर्घा आणि क्षणिका

दोन हॉटेलांच्या मधल्या चौकात उभं राहिलं की डावीकडे सगळं सुसाट आणि उजवीकडे सगळं थबकलेलं दिसायचं. डावीकडच्या 'दीर्घा'च्या काचांमागे माणसं अशी दिसायचीच नाहीत. नुसत्या रंगांच्या रेघा इकडून तिकडे सरकायच्या. उजवीकडे, 'क्षणिका'च्या तळमजल्यावर, एक गृहस्थ चहाचा कप ओठांकडे नेत होते. पाटसकर कुटुंबानं गाडीतून बॅगा उतरवल्या, एक बॅग सापडेना म्हणून शोधाशोध केली, ती मिळाली, तरी कप आपला अर्ध्या वाटेवरच.

"ते काका चहा कधी पिणार?" चार्वीनं विचारलं.

"गार झाल्यावर," रेवा म्हणाली, आणि दोघी एकाच वेळी हसल्या.

चार्वी आणि रेवा जुळ्या होत्या. सात वर्षांच्या, इतक्या सारख्या की शाळेत बाई दोघींना मिळून एकच हाक मारत. दोघींचे वरचे पुढचे दात गेल्याच आठवड्यात पडले होते आणि दोघी हसल्या की दोन सारख्याच खिडक्या उघडल्यासारखं वाटायचं. त्यांची आई मैथिली सांगलीत दातांची डॉक्टर होती. वडील विभास पाटबंधारे खात्यात अभियंता. दिवाळीच्या सुट्टीत 'कालरंग' उद्यानात जायचं हे वर्षभर ठरलेलं होतं आणि गेला आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता.

कालरंगमधले पाळणे आणि पाण्यातल्या सफरी इतर उद्यानांत असतात तशाच होत्या. पठारावरच्या या जागी लोक यायचे ते या दोन हॉटेलांसाठी. आणि त्यांतलं एक निवडण्याआधी तिथल्या शास्त्रज्ञांना भेटणं कायद्यानं सक्तीचं होतं.

डॉ. यमुना कारखानीस साठीच्या होत्या. ज्या गटानं 'कालदाब' शोधून काढला त्यात त्या होत्या. त्यांनी मुलींना जवळ बसवून घेतलं.

"घरी डाळ कुकरमध्ये शिजवतात ना? का बरं?"

"लवकर शिजते," रेवा म्हणाली.

"कारण आत दाब जास्त असतो. आता असं समजा की हवेसारखाच काळाचाही दाब असतो. तळमजल्यावरचं घड्याळ गच्चीवरच्या घड्याळापेक्षा अगदी किंचित मागे पडतं. पृथ्वीच्या जवळ काळ जरासा हळू चालतो, हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. फरक इतका लहान की आयुष्यभरात कुणाला कळत नाही. आम्ही तो फरक वाढवायला शिकलो, एवढंच. एखाद्या इमारतीत कालदाब वाढवला की आत काळ भरभर चालतो. उतरवला की सावकाश."

"म्हणजे दीर्घामध्ये?" विभासनं विचारलं.

"दीर्घात तुम्ही महिनाभर राहिलात तर बाहेर एक दिवस जातो. क्षणिकात तुम्ही तासभर बसलात तर बाहेर एक दिवस उलटून जातो. आतल्या माणसाला काही वेगळं जाणवत नाही. भूक वेळेवर लागते, झोप वेळेवर येते. खिडक्यांना खास काच आहे, म्हणून बाहेरचं दिसतं. नाहीतर एकीकडे अंधार आणि दुसरीकडे डोळे दिपवणारा उजेड, एवढंच दिसलं असतं."

दीर्घाला गर्दी का असायची हे सांगायला नकोच. एका दिवसाच्या रजेत महिन्याची सुट्टी. तिथं तलावाएवढा पोहण्याचा हौद होता, पोहायला शिकवणारे शिक्षक होते, झाडांवर बांधलेली घरं होती. क्षणिकात यातलं काही नव्हतं. तिथं फक्त एक मोठं काचेचं दालन होतं. त्यात बसलं की सूर्य डोळ्यांसमोर उगवून डोक्यावरून जायचा आणि अर्ध्या तासात मावळायचा. ढग धावत सुटायचे. पठारावरची फुलं बघता बघता उमलायची.

"मला हौद," रेवा म्हणाली.

"मला आकाश," चार्वी म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांना वेगवेगळं काही हवं असण्याची ही पहिलीच वेळ होती आणि त्यांना त्याची गंमत वाटली.

मैथिलीनंच तोडगा काढला. चार्वीला घेऊन ती क्षणिकात जाईल, चार तासांचा आकाशाचा खेळ बघेल. रेवा आणि विभास दीर्घात महिनाभर राहतील. त्यांचा महिना बाहेरच्या एका दिवसात संपेल. मग क्षणिकातला खेळ संपेपर्यंतचे उरलेले तीन दिवस बापलेक पाळण्यांत बसतील. नंतर सगळे मिळून घरी.

"माझं ऐकाल तर मुलींना एकाच हॉटेलात ठेवा," डॉ. कारखानीस म्हणाल्या. "कुठलंही निवडा. पण एकच."

"का? धोका आहे?" विभासनं विचारलं.

"तब्येतीला काही नाही. पण तुमचा एक तास म्हणजे त्यांचा एक महिना, हे वाक्य बोलायला सोपं आहे. मी रोज बोलते. समजायला ते कठीण जातं."

"डॉक्टर, एका महिन्याचाच तर प्रश्न आहे," मैथिली हसून म्हणाली. "मामाकडे गेली तरी एखादी महिनाभर राहते."

मुली तोवर दाराशी पोचल्या होत्या.

रेवाला दीर्घा पहिल्याच दिवशी आवडलं. ती पाण्याला घाबरायची, ती भीती आठवडाभरात गेली. दुसऱ्या आठवड्यात ती हौदाची रुंदी पार करून विभासच्या गळ्यात पडली. रोज संध्याकाळी ती म्हणायची, "बाबा, हे चार्वीला सांगायचंय, विसरू नका हं." विभास म्हणायचा, नाही विसरणार.

त्यांच्या खोलीच्या खिडकीतून समोर क्षणिकाचं दालन दिसायचं. काचेजवळ मैथिली आणि चार्वी दिसायच्या, फोटोसारख्या. एके दिवशी नाश्त्याच्या वेळी चार्वीनं हात हलवायला सुरुवात केली. तिला समोर नुसत्या रेघा दिसत असणार, पण तिकडे रेवा आहे हे तिला ठाऊक होतं. रेवा आनंदानं ओरडली आणि तिनंही हात हलवला. बराच वेळ हलवला. मग तिचा हात दुखायला लागला.

"बाबा, तिचा हात अजून तिकडच्याच बाजूला आहे."

"हो गं. तिला वेळ लागणार."

"मी पोहून येते."

दुपारी रेवा जेवायला परत आली तेव्हा चार्वी हात हलवतच होती. आता रेवाबरोबर नूपुर नावाची मैत्रीण होती. "ती कोण?" नूपुरनं विचारलं. "माझी बहीण," रेवा म्हणाली, आणि दोघी ताटं घ्यायला पळाल्या.

महिना संपत आला तेव्हा रेवानं हट्ट धरला. सूर मारायला नुकतीच सुरुवात झाली होती. नूपुरही राहणार होती. विभासनं विचार केला. बाहेर जाऊन तीन दिवस नुसतं थांबायचंच आहे, मग इथं थांबलं तर बिघडलं कुठं? शिवाय तो स्वतः कित्येक वर्षांनी असा निवांत झोपत होता. मैथिलीला विचारायला निरोप पाठवता आला असता, पण तो अडचणीच्या वेळी पाठवायचा असं हॉटेलचं म्हणणं होतं, आणि ही काही अडचण नव्हती. ते राहिले. मग आणखी राहिले.

दुसऱ्या महिन्यात कधीतरी विभासच्या लक्षात आलं की रेवा 'आम्ही' म्हणायचं सोडून 'मी' म्हणायला लागली आहे. त्याला ते चांगलं वाटलं. तिसऱ्या महिन्यात खिडकीपुढे तिनं ओले टॉवेल वाळत घातले. त्यानं ते एकदा बाजूला सारले, नंतर राहू दिले.

इकडे क्षणिकात चार्वी खुर्चीत बसायलाच तयार नव्हती. सूर्य डोक्यावरून गेला, तारे फिरले, चंद्र नारळाएवढा वर आला आणि घरंगळत गेला. पठारावर पिवळी फुलं पसरली आणि मिटली. "आई, परत उगवला बघ," ती म्हणायची. "रेवाला सांगू आपण, चार वेळा उगवला." खेळ संपल्यावर तिला धीर निघेना. मैथिलीचा हात सोडून ती चौकात धावली.

रेवा तिथं उभी होती. उन्हानं रापलेली, केस खांद्यापर्यंत वाढलेले. चार्वीनं तिला मिठी मारली तेव्हा ती रेवापेक्षा बोटभर बुटकी दिसली.

"रेवा, सूर्य चार वेळा उगवला. आणि फुलं अशी उघडली, अशी. आणि मी तुला टाटा केला, दिसला तुला?"

"दिसला," रेवा म्हणाली. ती चार्वीकडे निरखून बघत होती, नात्यातल्या एखाद्या लहान मुलीकडे बघावं तशी. मग ती हसली आणि मैथिली जागच्या जागी थांबली. रेवाच्या तोंडात खिडकी नव्हती. वरचे दोन्ही दात पूर्ण आले होते, रुंद, कडेला करवतीसारखी नक्षी असलेले. दात यायला किती वेळ लागतो हे मैथिलीला कुणी सांगायची गरज नव्हती.

"किती राहिलात?" तिनं विभासला विचारलं.

"चार महिने. अगं, बाहेर थांबून तरी काय केलं असतं?" तो म्हणाला. मग त्यानं तिचा हात धरला आणि सोडेना. चार महिन्यांनी बायको भेटली होती त्याला. मैथिलीला तो सकाळीच भेटला होता.

चार्वीनं रेवाचे हात धरून त्यांचा खेळ सुरू केला. तो त्यांनीच बनवला होता; त्यातले शब्द आईबाबांनाही कळत नसत. रेवानं दोन टाळ्या दिल्या आणि ती थांबली.

"पुढचं नाही आठवत," ती म्हणाली. "ते आपण लहानपणी खेळायचो."

चार्वी रडली नाही. ती आईकडे वळली आणि म्हणाली, "मला पण चार महिने पाहिजेत."

डॉ. कारखानीसांना नवल वाटलं नाही. मागे पडलेल्या माणसाला तेवढाच काळ दीर्घात ठेवायचं, म्हणजे दोघांची वयं पुन्हा जुळतात, असं त्या म्हणाल्या. याला त्या 'बरोबरी' म्हणत. बरेच लोक बरोबरीसाठी येतात. कधी नवरा, कधी बायको, कधी भाऊ.

"मग होईल सगळं पहिल्यासारखं?" मैथिलीनं विचारलं.

"वय जुळेल. उंची जुळेल. महिने जुळणार नाहीत, ते दोघींनी वेगवेगळेच घालवलेले असतील."

"मग आम्ही चौघं मिळून आत गेलो तर?"

"तर रेवा पुन्हा चार महिने पुढे जाईल. अंतर तसंच राहील. तिला बाहेरच थांबावं लागेल."

मैथिली मनाशी हिशेब करू लागली. सुट्टी शिल्लक होती. शाळा सुरू व्हायला अवकाश होता. दोघींना असंच घरी नेलं तर एकीला वरच्या वर्गात घालावं लागेल, कपडे वेगळे, वाढदिवस वेगळे. चार्वी तर बूट घालून तयारच होती. आता तिला पोहायला शिकायचं होतं, सूर मारायचा होता, झाडावरच्या घरात राहायचं होतं, आणि तिच्या डोळ्यांत पहिल्या दिवशीचाच उत्साह होता. मैथिलीनं तिला घेऊन दीर्घाचं दार उघडलं.

बाहेर चार दिवस गेले. रेवा पाळण्यांत बसली, आगगाडीत बसली आणि चौथ्या दिवशी वडिलांना ओढत चौकात घेऊन आली.

दार उघडलं. उन्हानं रापलेली, केस वाढलेली मुलगी बाहेर आली आणि हसली. तिचेही दात आले होते. मैथिलीनं दोघींना पाठीला पाठ लावून उभं केलं. केसाइतकाही फरक नव्हता. कोण कुठली हे विभासला क्षणभर कळेना, आणि त्याला इतकं हायसं वाटलं की तो खाली कठड्यावर बसला. मैथिली त्याच्या शेजारी येऊन बसली. आता तिलाही चार महिन्यांनी नवरा भेटला होता.

"तुला सूर मारता येतो?" रेवानं विचारलं.

"येतो. उलटा पण येतो."

"मला उलटा नाही येत. कुणी शिकवला?"

"अल्बर्ट सरांनी. तुझ्या वेळी होते?"

"नव्हते. माझ्या वेळी बाई होत्या."

"अच्छा," चार्वी म्हणाली.

परतीच्या वाटेवर गाडीत दोघींचं तोंड बंद नव्हतं. रेवानं नूपुरची गोष्ट सांगितली. चार्वीनं ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, मग झाडावरच्या घरात माकड शिरलं होतं ती गोष्ट सांगितली, आणि रेवानं तीही नीट ऐकली. दोघी खूष होत्या. विभास गाडी चालवता चालवता हसत होता.

"पुढच्या सुट्टीत पुन्हा यायचं?" त्यानं विचारलं.

"यायचं," दोघी म्हणाल्या.

"तेव्हा मला आकाश," रेवा म्हणाली.

"मग मी हौद," चार्वी म्हणाली. "मला जास्त दिवस पाहिजेत. सहा महिने."

मैथिली मागे वळली. "अगं, तेव्हा तरी एकत्र राहा ना. दोघी एकाच हॉटेलात. मजा येईल."

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. "नको," दोघी एकदम म्हणाल्या.

"का गं?"

चार्वीनं आईला समजावलं, लहान मुलाला समजवावं तसं. "एकत्र गेलं तर हिला आधीच सगळं माहीत असतं, आई. मग हिच्याशी बोलायचं काय?"

रेवानं मान हलवली. मग ती खिडकीकडे सरकून बसली, बहिणीला पाय पसरायला जागा व्हावी म्हणून, आणि म्हणाली, "हं, परत सांग. माकडानं काय काय नेलं?"