आठ नंबर

नोहा सात महिन्यांचा झाला तरी एंजेलाचा जीव थाऱ्यावर नव्हता. पाळणा ओटीवर, चूल परसात. बाळ पालथं पडलं तर कळायचं कसं? शेवटी तिच्या सासऱ्यांनी, शांतवनांनी, नगरच्या भंगारबाजारातून पायदळाचे दोन जुने हातसेट, म्हणजे वॉकीटॉकी, आणले. पलटणीत वीस वर्षं त्यांनी असलेच वागवले होते. एक पाळण्याच्या दोरीला टांगला, दुसरा तिच्या कमरेला. ती परसात गेली की पाळण्यावरच्याचं बटण रबर लावून दाबून ठेवायची.

"पप्पा, कुठवर ऐकू येतं हे?"

"उसाच्या पल्याड न्हाई. दबा धरून बसलं की आमी बोलत नसू. नंबर पुकारला की बटन दोनदा दाबायचं. टक-टक. म्हंजे गडी हाय. तीनदा पुकारून न्हाई आलं, तर त्याला हुडकायला मानसं निघायची."

"नोहाला शिकवा की," ती हसली. "नुसतं भोकाड पसरतोय."

मंगळवारी दुपारी चर्चची बाराची घंटा झाली. ती नोहाला थोपटत होती, तेवढ्यात पाळण्यावरचा सेट खरखरला.

"एक."

टक-टक.

"दोन."

टक-टक.

आवाज दबका, दमलेला. सात नंबर झाले.

"आठ."

काहीच नाही.

"आठ."

जवानांचा सराव चालला असेल, तिला वाटलं. तिसऱ्यांदा "आठ" आलं तेव्हा मात्र राहवेना. कुणाच्या तरी पोटचा गोळाच की तो. तिनं पाळण्यावरच्या सेटचं बटण दोनदा दाबलं.

क्षणभर खरखर थांबली. मग तोच आवाज, जीव भांड्यात पडल्यासारखा :

"आठ मिळाला. हलू नको. न्यायला येतोय."

जेवताना तिनं सांगितलं, तसा शांतवनांचा घास हातातच राहिला.

"दुसऱ्याच्या नंबराला उत्तर देत नसत्यात, बाई. कुठल्या सेटवरनं दिलंस?"

तिनं पाळण्याकडे पाहिलं.

"सराव असेल ना, पप्पा?"

"ह्या सेटवर आता कुनी बोलत न्हाई."

त्यांनी दोन्ही सेटच्या बॅटऱ्या काढल्या, पेटीत टाकल्या, कुलूप घातलं. किल्ली तिच्याकडे दिली.

बुधवारी तिनं पाळणा आतल्या खोलीत घेतला. दाराला कडी घातली. किल्ली मुठीत.

बाराची घंटा झाली. सेट मुकेच राहिले.

खिडकीतून ऊस दिसत होता. वाऱ्याची झुळूकही नव्हती. तरी मधोमध एक पट्टा हलला. मग त्याच्या अलीकडचा. मग बांधालगतचा.

मग सगळं थांबलं.

नोहा जागा होता. रडला नाही. कडी घातलेल्या दाराकडे एकटक बघत त्यानं जीभ टाळूला लावली.

टक-टक.